कणगीमागच्या चार ओळी

“शेळीबाई शेळीबाई, पाला खा,
पोट भरलं की घरी...”

शेवटच्या शब्दाची जागा मी फळ्यावर मोकळी सोडली होती. पहिलीची पोरं एका दमात ओरडली, “जा!” आणि नेमका त्याच वेळी बिराप्पा लवटे दारात येऊन उभा राहिला.

अंगावर घोंगडं, हातात काठी. वाडीतली माणसं शाळेच्या उंबऱ्याबाहेर पायताण काढून मग आत यायची. त्यानं काढलं नाही. पोरं एकदम चिडीचूप झाली. त्याची लेक हौसा दुसऱ्या ओळीत बसायची. तिनं बापाकडं बघितलं आणि पाटी छातीशी धरली.

“मास्तर,” तो म्हणाला, “ह्या शाळेत रघू कोण हाय?”

“रघू? पोरांत कुणी नाही.”

“पोरांत नसंल. मोठ्यांत?”

“मोठी माणसं आम्ही दोघंच. मी आणि मगदूम गुरुजी.”

“तुमचं नाव काय?”

“हेरवाडे.”

“ते आडनाव झालं. घरी काय म्हणत्यात?”

“बाळू.”

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “माणसाला दोन-दोन नावं असत्यात, मास्तर,” असं म्हणून तो उंबरा ओलांडून आत आला आणि फळ्यापुढं उभा राहिला. माझ्या अक्षरांकडं तो असा बघत होता, जणू ती अक्षरं त्याच्या पाठीमागं त्याच्याबद्दलच काहीतरी बोलत होती. “हे काय लिवलंय?”

“शेळीचं गाणं आहे.”

“तुमी म्हणताय म्हणून शेळी. उद्या तुमी दुसरं काय लिवलंसा आणि शेळी म्हणून सांगितलंसा, तर मला काय कळणार हाय?”

मी हातातला खडू खाली ठेवला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. जतच्या पलीकडं, उघड्या माळावर ही धनगरांची वाडी. माझी नोकरी नवी, लग्न झालेलं नव्हतं, आणि राहायला शाळेशेजारचीच खोली. पहिलीची पोरं अक्षरं ओळखायची, पण वाचायला उभी केली की एकेक अक्षर खडा काढल्यासारखं काढायची आणि शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायची. मग मी दोन-दोन ओळींची गाणी रचायला लागलो. शेवटचा शब्द मोकळा सोडायचा. वरच्या ओळीचा नाद कानात असला की पोरगं खालच्या ओळीत अडखळत नाही. अडलंच तर मी सांगायचो, वरची ओळ पुन्हा मोठ्यानं म्हण, मग पहिलं अक्षर बदलून बघ. काठी, पाठी, गाठी. पोरांना तो खेळ वाटायचा.

मगदूम गुरुजी मुख्याध्यापक. तिसरी-चौथी त्यांच्याकडं. त्यांना ही गाणी मुळीच पसंत नव्हती. “पोरं वाचत नाहीत, हेरवाडे. पोरं ओरडतात,” ते म्हणायचे. “पाठ झालंय ते. अक्षरावरनं बोट फिरतंय आणि तोंड भलतीकडंच पळतंय.” खरं सांगायचं तर मलाही आतून तीच शंका होती.

दुसरी शंका हौसाबद्दलची. दिवाळीनंतर ती नवी गाणी घेऊन यायला लागली. मी न शिकवलेली. “मेंढरामागं मेंढरू, हरवलं कुणाचं कोकरू,” असली. कुणी शिकवलं विचारलं की मान खाली घालायची. घरी वाचता येणारं कुणी नव्हतं. तिची आई मायाक्का मात्र शेण गोळा करायच्या निमित्तानं शाळेच्या मागच्या खिडकीखाली रेंगाळताना मी दोन-तीनदा बघितली होती. पोरं ओरडायला लागली की तिचे ओठ हलायचे. माझी नजर गेली की शेणाची पाटी उचलून चालायला लागायची. मगदूम गुरुजींनीही तिला बघितलं होतं. “खिडकी लावून घेत जा,” एवढंच ते म्हणाले. “माळावर माणसं कमी असतात, पण डोळे फार.”

तर आता तिचा नवरा माझ्यापुढं उभा होता.

“घूस लागली म्हणून सकाळी जोंधळ्याची कणगी हालवली,” तो आवाज खाली घेऊन म्हणाला. “मागं भिंतीवर कोळशानं लिवलंय. माझ्या छातीइतक्या उंचीवर. पोरीला ती कणगी सरकत न्हाई. मग लिवलं कुणी?”

“घरात विचारलंत?”

“इचारलं. म्हणाली, वाचून घ्या.” त्याचा जबडा हलला. “मला, वाचून घ्या म्हणाली. गिरणीवाल्या दादूला बोलावलं. त्यो तिसरी शिकलाय. त्यानं कडंला उभं ऱ्हाऊन बघितलं आणि म्हणाला, नाव हाय गड्याचं. रघू. आणि ये म्हणून लिवलंय.”

“दादूला नीट वाचता येत नसेल.”

“म्हणूनच तुमच्याकडं आलो. चला.”

पलीकडच्या वर्गातून मगदूम गुरुजी दारापर्यंत आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. “जाऊ नका. वाचलंत तरी दोष तुमच्यावरच, नाही वाचलंत तरी तुमच्यावरच.”

“नाही गेलो तर?”

त्यांनी बिराप्पाच्या हातातल्या काठीकडं बघितलं.

मी निघालो. हौसा पाटी टाकून आमच्यामागं पळत आली. बिराप्पानं तिला हाकललं नाही, जवळही घेतलं नाही. वाटेत गिरणीपाशी दादू कोळेकर उभाच होता. अंगाला पीठ लागलेलं, चेहऱ्यावर जत्रेला निघाल्याचा आनंद. न बोलावता तो आमच्यात सामील झाला आणि चालता चालता मला हळूच म्हणाला, “मास्तर, तुमी बरीच गाणी रचता म्हणं.”

“पोरांसाठी.”

“व्हय व्हय. पोरांसाठीच की.”

बिराप्पा पुढं बघूनच बोलला, “खरं निघालं तर तिला आजच्या आज म्हायेरची वाट दावतो. आणि त्या रघूला बिरोबाची आण घालून शोधतो.”

घर दगडमातीचं, वर पत्रा. मायाक्का ओसरीवर जोंधळे पाखडत बसली होती. तिनं आम्हाला येताना बघितलं, पण सूप थांबवलं नाही. मला वाटलं होतं, ती घाबरलेली असेल. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काय होतं ते मला सांगता येत नाही. भर उन्हात लांबून चालत आलेल्या माणसासारखी ती थकलेली दिसत होती.

आतल्या खोलीत अंधार होता. बिराप्पानं मागचं दार उघडलं तसा उजेडाचा पट्टा भिंतीवर पडला. कणगी हातभर सरकवलेली होती. चुन्याच्या भिंतीवर कोळशाची जाड, वाकडीतिकडी अक्षरं. काना एकीकडं, वेलांटी भलतीकडं. हे काही शिकल्या-सवरल्या माणसाचं अक्षर नव्हतं. वरच्या दोन ओळी दिसत होत्या, खालच्या कणगीच्या सावलीत बुडालेल्या.

मी मनातल्या मनात वाचलं.

*ये रे माझ्या राजा, किती वाट बघू,
कुनालाच न्हाई ठावं नाव तुजं रघू.*

दादूनं बरोबर वाचलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या ओळींचा ठेका माझा होता. दोन ओळी, शेवटाला यमक. बाहेरून सुपाचा आवाज येत होता. बिराप्पा माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होता.

“हं? काय हाय?”

“शाळेतलं गाणं आहे,” मी म्हणालो. “बडबडगीत. पोरीकडनं ऐकून कुणीतरी लिहिलंय.”

“म्हणून दावा.”

मला त्या क्षणी जे सुचलं ते मी म्हटलं. “मेंढरामागं मेंढरू, हरवलं कुणाचं कोकरू.”

बिराप्पा भिंतीकडं काठी करून म्हणाला, “मास्तर, ही एक ओळ, ही दुसरी, ही तिसरी, ही चौथी. तुमी दोनच म्हणाला.”

दादू खाकरला.

“मला वाचता येत न्हाई,” बिराप्पा म्हणाला, “पण मेंढरं मोजता येत्यात.” त्यानं कणगीला खांदा लावून ती आणखी ढकलली आणि हाक मारली, “हौशे! हिकडं ये.”

“पोरीला कशाला?” मी म्हणालो. “ती लहान आहे. आणि तिला पाठ असेल तेच ती म्हणेल. तुमची खात्री कशी पटणार?”

मगदूम गुरुजींचं बोलणं मी उसनं घेतलं होतं. पण बिराप्पा त्याच्याही पुढं होता.

“पाठ म्हणू देणारच न्हाई,” तो म्हणाला. त्यानं आपला रुंद पंजा पहिल्या ओळीवर ठेवला. “मी हात सरकवीन तेवढंच वाचायचं. एकदम पुढचं म्हणायचं न्हाई. आणि खोटं सांगशील तर बघ.”

“व्हय आबा.”

हौसा भिंतीपाशी गेली. ओळ तिच्या डोक्यापेक्षा उंच होती, म्हणून तिनं मान वर केली. बाहेर सुपाचा आवाज थांबला.

बापाचा हात थोडा सरकला.

“ये... रे...”

आणखी सरकला.

“मा... झ्या. माझ्या. रा... जा. राजा.”

ती वाचत होती. पाठ म्हणणारं पोर असं थांबत नाही. ती अक्षर बघायची, ओठ जुळवायची, मग शब्द मोकळा करायची. वर्षभर मी ज्यासाठी घसा कोरडा केला ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, अड. एखाद्या जोडाक्षराला अड, पोरी. रडायला लाग. आईला हाक मार.

“कि... ती... वाट... बघू.”

“म्होरं,” बिराप्पा म्हणाला.

“कुना... लाच... न्हाई... ठावं. नाव... तुजं...” ती थांबली. हात सरकला. “र... घू. रघू.”

दादूनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. त्याला हवं ते मिळालं होतं. तो मागच्या दारानं निघून गेला, आणि पत्र्याच्या सावलीतून त्याची पावलं गिरणीकडं नव्हे, देवळाच्या दिशेनं गेलेली मी ऐकली.

बिराप्पा हलला नाही. त्याचा आवाज आता इतका हळू होता की मला जास्तच भीती वाटली. “म्होरं वाच.”

तिसरी ओळ हौसाच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होती. ती आता सुरात आली होती.

“माळ्या... वर... ठेवला... पाळ... पाळना... झाकून.”

बिराप्पाचा हात थांबला. त्यानं वर बघितलं. मीही बघितलं. माळ्यावर जुन्या पोत्यांच्या मागं लाकडाची एक दांडी दिसत होती.

“म्होरं,” तो म्हणाला, पण हात सरकवायला त्याला वेळ लागला.

“बार... शाच्या... आदी... का रे... गेलास...”

शेवटचा शब्द उरला. त्यानं पंजा उचलला तर त्याखाली शब्दच नव्हता. त्याच्या तळव्याला घाम आला होता आणि कोळसा फिसकटून गेला होता. एक काळा डाग आणि टोकाला ‘कून’ एवढंच शिल्लक. हौसानं डागाकडं बघितलं, मग बापाच्या काळ्या झालेल्या तळव्याकडं.

“आबा, हे पुसलंय.”

“तुला येत न्हाई?”

“थांबा की.” आणि ती मागं वळली. डोळे मिटून वरची ओळ तिनं मोठ्यानं म्हटली. “माळ्यावर ठेवला पाळना झाकून. बारशाच्या आदी का रे गेलास... वाकून? न्हाई. माकून? माकून काय नसतंय.” तिनं बोटं नाचवली. “राकून... चाकून...”

बिराप्पा तिच्या नाचणाऱ्या बोटांकडं बघत होता.

“टाकून!” हौसा आनंदानं ओरडली. “गुरुजी, टाकून! बारशाच्या आदी का रे गेलास टाकून!”

आणि तिनं माझ्याकडं शाबासकीच्या आशेनं बघितलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काही मला करता आलं नाही.

बिराप्पा भिंतीला टेकला. मग घोंगडं सावरत हळूहळू खाली बसला. मायाक्का दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या केसांत जोंधळ्याचा भुसा होता.

“कुणी लिवलं?” त्यानं विचारलं.

“मी.”

“तुला कवा लिवाया यायला लागलं?”

“पोरीसंगं. ती गाणं म्हणायची, मी चुलीम्होरं राखंत गिरवायची. गाणं ध्यानात ऱ्हातंय. त्याच्या मागनं अक्षर येतंय.”

“मला का सांगितलं न्हाईस? सकाळपासनं मी काय काय...” त्यानं काळा झालेला तळवा घोंगड्याला पुसला. “नुसतं तोंडानं सांगायचं.”

मायाक्का चौकटीला धरून उभी होती. “तुमी मेंढरं घेऊन चारणीला खाली गेला होता, तवा ते झालं आणि गेलं. परत आल्यावर तुमीच म्हणालासा, जे बघितलंच न्हाई त्याचं नाव काढायचं न्हाई ह्या घरात. मी काढलं न्हाई.” थोडं थांबून ती म्हणाली, “लिवलं.”

कोपऱ्यात कुठंतरी घूस माती उकरत होती. हौसा एकदा आईकडं, एकदा बापाकडं बघत होती. आपल्या वाचण्यानं काहीतरी झालं, एवढंच तिला उमगलं असावं.

“रघू कुणाचं नाव?” बिराप्पानं विचारलं. “आपल्यात कुणाचं न्हाई.”

“कुणाचं न्हाई,” ती म्हणाली. “त्याचंच.”

मी चपला घालून निघालो. मागं वळून बघण्याचं धाडस झालं नाही. ओसरीवर सूप उपडं पडलं होतं आणि कोंबड्या जोंधळ्यावर तुटून पडल्या होत्या. त्यांना कुणी हाकत नव्हतं.

दादूनं मात्र दिवस वाया घालवला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधीच बिरोबाच्या देवळापुढं माझं बोलावणं आलं. मगदूम गुरुजी माझ्याबरोबर आले, पण चालताना तेही माझ्याकडं तिरप्या नजरेनं बघत होते.

देवळाच्या पारावर वाडीतली जाणती माणसं बसली होती. मध्ये आप्पा मासाळ, सगळ्यांत म्हातारे. त्यांच्या शब्दावर वाडी उठायची-बसायची.

“मास्तर,” ते म्हणाले, “ह्या दादूचं म्हणणं असं हाय, की तुमी पोरांच्या तोंडनं गाणी धाडता घराघरांत. आणि लवट्याच्या भिंतीवर जे लिवलंय ते तुमच्याच चालीवर हाय. खरं का खोटं?”

“चाल माझी आहे,” मी म्हणालो. “लिहिलेलं माझं नाही.”

“मग रघू कोण?”

सांगितलं असतं तर माझी सुटका तिथल्या तिथं झाली असती. पण जे नाव काढायला त्या घरातही बंदी होती ते मी चारचौघांत पारावर कसं सांगणार?

“ते मला सांगता येत नाही.”

“बघा!” दादू उसळला. “म्हणलं नव्हतं मी? अहो, बाई खिडकीखाली उभी ऱ्हायची. समद्यांनी बघितलंय. मगदूम गुरुजींना इचारा!”

मगदूम गुरुजी जमिनीकडं बघत म्हणाले, “उभी राहायची हे खरं आहे.” त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. पण पारावर कुजबुज वाढली. कुणीतरी म्हणालं, उद्याच तालुक्याला जाऊन मास्तर बदलून आणा. दुसरा म्हणाला, पोरी तेवढ्या शाळेतून काढा, पोरांचं नंतर बघू.

तेवढ्यात मेंढरांच्या वाड्याकडून बिराप्पा येताना दिसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. माणसं गप्प झाली, बाजूला सरकली. आता काठी माझ्यावर उठणार असंच सगळ्यांना वाटलं असावं. दोघं-तिघं तर त्याला धरायला उठलेही.

त्यानं पाराखाली पायताण काढलं. देवाला हात जोडले. मग आप्पा मासाळांकडं वळला.

“रघूचं इचारताय न्हवं?”

“व्हय बिरा. कोण हाय त्यो? तुला ठाव हाय?”

“हाय की. रघू बिराप्पा लवटे. माझा ल्योक.”

दादूचं तोंड उघडंच राहिलं. आप्पा मासाळांनी बिराप्पाकडं बघितलं. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं.

“म्हंजे... मागल्या साली, तू खाली गेल्यावर...?”

“व्हय. बारशाच्या आदी गेला त्यो. त्याच्या आईनं नाव ठेवलं हुतं. मला काल कळलं.”

नाव न ठेवलेलं पोर गेलं तर त्याच्या दुखवट्याला जायची वाडीत पद्धत नव्हती. पुरून यायचं आणि विषय संपला. मायाक्काकडंही कुणी गेलं नव्हतं. तिनंच दुसऱ्या दिवशी उठून पाणी भरलं होतं, भाकरी थापल्या होत्या.

आप्पा मासाळांनी डोक्याचा पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग काठीवर भार देऊन उठले.

“चला,” ते म्हणाले. “आपण गेलो नव्हतो.”

सगळी माणसं त्यांच्यामागं निघाली. दादूही निघाला, सगळ्यांच्या शेवटी. मगदूम गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. वाटेत पाण्याचा आड लागला, तिथं पाणी शेंदणाऱ्या बायांना आप्पांनी दोन शब्दांत सांगितलं. त्यांनी घागरी तिथंच ठेवल्या.

बाया लवट्यांच्या घरात गेल्या. आम्ही बापे माणसं बाहेर भिंतीशी बसलो. बिराप्पा आमच्यात बसला, आप्पांच्या शेजारी. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग मायाक्का रडली. मोठ्यानं, नाव घेऊन रडली.